खालच्या अंगाचा पाणवठा

ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या पहाटे आळंदीच्या घाटावर पोहोचले तेव्हा इंद्रायणीवर फेस तरंगत होता. दुरून तो कापूस पिंजून टाकल्यासारखा दिसे आणि जवळ गेल्यावर त्याचा उग्र वास नाकात शिरे. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका आजींनी दोन्ही हातांनी तो फेस बाजूला सारला, खालचे पाणी ओंजळीत घेतले, डोळ्यांना लावले आणि कपाळावर शिंपडले. चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली मी, त्या ओंजळीकडे पाहत उभी राहिले. पहिल्याच वारीची ही पहिलीच सकाळ होती आणि पुढचे सुमारे अडीचशे किलोमीटर ती ओंजळ माझ्या मनातून गेली नाही.

कारण हे पाणीही पंढरपूरला निघाले होते. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत उतरते. ज्या कऱ्हेच्या काठाने पालखी सासवडहून जेजुरीकडे जाते ती सोनगावला नीरेत मिसळते आणि नीरा पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेत. वारीच्या वाटेवर आपण ज्या ज्या नदीला हात जोडतो, ती प्रत्येक नदी अखेर चंद्रभागाच होते. हे मी कित्येक वर्षे फळ्यावर काढून दाखवले होते. परंतु पायांनी चालल्याशिवाय त्याचा अर्थ मला कळला नव्हता असे आज वाटते.

पुण्याचा दोन दिवसांचा मुक्काम आटोपून आमची दिंडी हडपसरमार्गे दिवे घाटाला लागली. घाट चढताना टाळांचा ठेका संथ होतो आणि पखवाजवादक आळीपाळीने खांदा बदलतात. माथ्यावर टेकले असता मागे पुण्याचा पसारा दिसतो आणि पुढे पुरंदरची तांबूस, पावसाची वाट पाहणारी जमीन. हा माथा म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. त्याच्या एका अंगाला पडलेला थेंब मुठेच्या वाटेने जातो आणि दुसऱ्या अंगाचा कऱ्हेच्या. लाखो माणसे ही सीमा ओलांडतात. पलीकडच्या माणसांना विहिरीत पाणी नसेल तर टँकरच्या वेळेवर दिवस बांधून घ्यावा लागतो आणि अलीकडच्या आम्ही शहरातल्या माणसांनी नळ सोडला की पाणी येते; ते वापरून झाल्यावर कुठे जाते हा प्रश्न आमच्या घरात कधी निघत नाही.

माझ्या आजोळच्या गावी ओढ्यावर दोन पाणवठे होते. वरच्या अंगाला गावाचा आणि खालच्या अंगाला, गावाने धुणी-भांडी करून सोडलेल्या पाण्यावर, महारवाड्याचा. लहानपणी मला ती निसर्गाचीच रचना वाटे. ती माणसांनी केलेली होती आणि म्हणून माणसांना मोडता येण्यासारखी होती, हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी पिऊन दाखवून दिले. सासवडच्या मुक्कामी राहुटीत पडल्या पडल्या हा ओढा आठवला आणि मी उठून बसले. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही आज भीमा खोऱ्याच्या वरच्या अंगाची वस्ती आहे. दौंड, इंदापूर, करमाळा, माढा, पंढरपूर, मंगळवेढा हे सारे तालुके आपण मिळून खालच्या अंगाच्या पाणवठ्यावर नेऊन ठेवले आहेत. तिथे जात विचारली जात नाही एवढाच फरक. वरच्याने वापरावे आणि खालच्याने निमूट उचलावे हा नियम तोच राहिला आहे.

दौंडजची खिंड, वाल्हे आणि मग नीरा. नीरेच्या दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते आणि सोहळा पुणे जिल्हा सोडून सातारा जिल्ह्यात येतो. त्या क्षणाचे वर्णन मला नीट करता येणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईने माझा हात घट्ट धरला होता आणि आम्ही दोघी रडत होतो. मी देव मानते की नाही याचे उत्तर माझ्यापाशी नाही, पण हजारो माणसे एका नदीला आई समजून तिच्यासमोर गप्प होतात, तेव्हा त्या गप्प होण्याला मी मनापासून मानते.

लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. इथे नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी फिरते. दक्षिणेला महादेवाचा डोंगर आहे, त्यापलीकडे माणचा कोरडा मुलूख आणि अलीकडे उसाची हिरवी भिंत. या हिरवळीतही वरचा आणि खालचा पाणवठा आहेच. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने हवे तितके पाणी घेतले की टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला वाट पाहावी लागते आणि तोंडाशी अतिपाण्याने जमिनी चोपण, म्हणजे खारवून नापीक, होतात. एक दुखावली जाते तहानेने, दुसरी अतिपाण्याने. नातेपुत्यापुढे विसाव्याला एका शेतकऱ्याने आम्हाला ताक दिले आणि चोपण झालेला आपला तुकडा दाखवला. मातीवर मिठासारखा पांढरा थर होता. “आजा म्हणायचा, पाणी आलं म्हणजे लक्ष्मी आली. तिला किती वाढायचं ते कुणी सांगितलंच नाही,” असे ते म्हणाले. रुंद झालेल्या पालखी मार्गाच्या कडेला सावलीही फारशी उरलेली नाही. जुने वड-चिंचा गेल्या आणि नवी रोपे अजून गुडघ्याएवढी आहेत.

वाटेवरच्या गावांबद्दल एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. काही हजार वस्तीच्या गावात एका रात्रीपुरती लाखो माणसे उतरतात आणि गाव घरे उघडून देते, भाकरी थापते, मोटार लावून आंघोळीला पाणी सोडते. पालखी पुढे गेल्यावर गावात काय उरते ते मी एकदा पाहिले. पाय सुजल्यामुळे मी अर्धा दिवस मागे राहिले होते. आता फिरती शौचालये असतात आणि दहा वर्षांत मोठी सुधारणा झाली आहे, तरीही शेतांच्या बांधांवर जे उरले होते ते हातमोजे न घातलेल्या चार बाया खराट्याने गोळा करत होत्या. त्यांतल्या एकीला मी वाकून नमस्कार करू गेले. ती घाईने मागे सरली आणि म्हणाली, “नका माउली, हात घाण हायेत.” वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. तिच्या पाया कोणी पडत नव्हते.

पंढरपुरात वाळवंटात उतरले तेव्हा उजनीतून सोडलेले पाणी आले होते. ज्या धरणात पुण्याचे सांडपाणी साचते त्यातलेच हे पाणी. सोलापूर शहरही तेच पिते. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, बाहेर, पायरीजवळ. त्यांच्या जातीला देवळाचे दार उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी याच गावात उपोषण केले. तिथे मी बराच वेळ उभी राहिले. देवळात जाण्याची वाट मोकळी झाली, खराटा मात्र बहुतेक त्याच हातांत राहिला.

नीरेवर माझा हात धरणाऱ्या गंगाखेडच्या मावशी चंद्रभागेत बाटली भरत होत्या. मी त्यांना आळंदीच्या फेसाबद्दल सांगितले आणि हे पाणी पिऊ नका अशी विनवणी केली. त्यांनी बाटली उन्हाला धरली.

“म्हणजे हे तुमच्या घरून आलंय म्हणा की.”

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. बाटली त्यांनी पिशवीत ठेवली, देव्हाऱ्यात ठेवीन म्हणाल्या.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आमच्या सोसायटीच्या सचिवांना विचारले की आपले सांडपाणी नेमके कुठे जाते. त्यांना माहीत नव्हते. रविवारी प्लंबरला बोलावून आम्ही मागच्या अंगणातले चेंबर उघडले. पाईप कुंपणाखालून थेट आंबिल ओढ्यात जात होता, आणि ओढा मुठेत.

जोडणी बदलून मिळावी म्हणून अर्ज केला आहे. त्यावर इमारतीतल्या अठरापैकी अकरा घरांच्या सह्या झाल्या आहेत.