पाव फेरा

बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, वेगळा काढलेली ती रायफल माझ्या टेबलावर आली, तेव्हा तिच्यासोबत कागदात गुंडाळलेला पितळेचा एक तुकडा होता. तुकडा म्हणजे पुंगळीचे, काडतुसाच्या पितळी कवचाचे, नुसते बूड. जेमतेम नखाएवढ्या उंचीचे, आणि वरची कड करवतीने कापल्यासारखी सरळ. उरलेली पुंगळी, म्हणजे धड, खांदा आणि मान, अजून चेंबरमध्येच, नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, अडकलेली होती. नेमबाज मुलगी शांतपणे सांगत होती की, गोळी कागदावर जिथे लागायची तिथेच लागली, पण चेहऱ्यावर उष्ण हवेचा एक झोत आल्यासारखा वाटला, आणि पुढचे काडतूस अर्ध्यातच अडले. डोळ्यांवर चश्मा होता, म्हणून बाकी काही झाले नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही भरलेली काडतुसं मी डोळे मिटून वापरते, सर." ती रागावली असती, तर मला उत्तर देणे सोपे गेले असते.

नेमबाजांच्या रायफली दुरुस्त करणे आणि सरावाची काडतुसे पुन्हा भरून देणे हे माझे रोजचे काम आहे. उडालेली पुंगळी स्वच्छ करायची, वंगण लावून प्रेसवर बसवलेल्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ आकाराला आणायची, लांबी छाटायची आणि मगच ती भरायची. यातील आकाराला आणण्याचे काम, ज्याला आम्ही साइझिंग म्हणतो, मला इतके सरावाचे झाले होते की, त्या दिवसापर्यंत मी त्याकडे नीट पाहणेच सोडून दिले होते.

आधी अडकलेला भाग काढला. चेंबरमध्ये घट्ट बसेल असा काशाच्या तारांचा ब्रश मागच्या बाजूने आत ढकलला आणि नळीच्या तोंडाकडून दांडा घालून त्याला मागे रेटले. ब्रशच्या तारा पितळात रुततात आणि पुंगळी ब्रशसोबत बाहेर येते. तशी ती दुसऱ्या प्रयत्नात आली. दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले, तर सांधा कुठे आहे हे प्रकाशात धरल्याशिवाय दिसेना.

पहिला संशय अर्थातच दारूच्या मापावर गेला. पण बुडातल्या प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीच्या, कडा गोल होत्या, दाबाने सपाट झालेल्या नव्हत्या, आणि बुडावर बोल्टच्या तोंडाचे ठसेही उमटलेले नव्हते, म्हणजे दाब जास्त झाला नव्हता. दुसरा संशय स्वच्छतेच्या द्रवावर. पितळेचे आणि अमोनियाचे जमत नाही. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जात असत, आणि जनावरांच्या मुतातून येणारा अमोनिया व पितळात कोंडलेला ताण मिळून हे घडते, असा उलगडा १९२१ मध्ये झाला. पण ते तडे बहुधा उभे जातात. माझ्यासमोरचा तुकडा आडवा, गोल फिरून तुटला होता. अशी तूट एकाच गोष्टीने येते, आणि ती गोष्ट माझ्या हातची होती. हे मला तिथेच कळले असावे, पण मान्य करायला आणखी तासभर लागला.

त्याच पेटीतली, त्या सकाळी उडालेली दुसरी एक पुंगळी घेतली आणि हॅक्सॉने उभी चिरली. बाहेरून बुडाच्या किंचित वर एक फिकट, चकाकती रेघ गोल फिरलेली होती. पुंगळीला धावेसारखी गुंडाळलेली ही रेघ मी यापूर्वी डायचा ओरखडा समजून सोडून दिली असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. आतून, नेमक्या त्याच उंचीवर, जाड बूड संपून भिंत सुरू होते तिथे नखाने कोरल्यासारखी खाच पडली होती. खाचेतली भिंत तिच्या वरच्या भिंतीच्या निम्मीही उरली नव्हती.

हे कसे होते, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड नसते; ते चेंबरमध्ये खांद्यावर टेकून उभे राहते. खांदा चेंबरच्या खांद्यापेक्षा मागे असेल, तर फायरिंग पिनचा ठोका काडतुसाला पुढे ढकलतो आणि बुडामागे तेवढी फट राहते. दारू पेटली की, पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते, जाड बूड मात्र चिकटत नाही, ते मागे सरकून बोल्टवर आदळते. मधले पितळ ताणले जाते. एका वेळेला हा ताण काहीच नसतो. तीच पुंगळी पुन्हा दाबली, खांदा पुन्हा तितकाच मागे नेला आणि पुन्हा उडवली की, त्याच जागी पुन्हा ताण पडतो.

आता माप. खांद्यावर टेकणारी चकती कॅलिपरला लावून त्या पेटीतल्या उडालेल्या दहा पुंगळ्या मोजल्या. बुडापासून खांद्यावरील ठरलेल्या वर्तुळापर्यंत ४१.५४ मिलिमीटर, एखाद्या शतांशाचा फरक. मग त्यांतली एक नेहमीच्या डायमध्ये दाबली आणि मोजली. ४१.३३. मी कॅलिपर पुसून पुन्हा मोजले. खांदा ०.२१ मिलिमीटर मागे गेला होता. बोल्टच्या रायफलीला ०.०३ ते ०.०५ पुरते.

दाबलेली ती पुंगळी गेजमध्ये, म्हणजे प्रमाणित माप तपासायच्या साच्यात, टाकली तर ती आरामात पास झाली, आणि त्यात गेजचा काही दोष नव्हता. या काडतुसाचे प्रमाणित माप ४१.३३ ते ४१.५० असते आणि चेंबर ४१.४० ते ४१.६६ पर्यंत चालते. माझी पुंगळी मापाच्या खालच्या टोकाला होती, मुलीच्या रायफलीचे चेंबर वरच्या बाजूला, दोन्ही नियमात. वर्षभर मी प्रत्येक पुंगळी गेजमध्ये टाकत होतो आणि गेज प्रामाणिकपणे मला एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होते.

डाय कुणी लावली होती? मीच, दोन वर्षांपूर्वी, सोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणे: पुंगळीचे बूड धरणाऱ्या शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली आणा आणि खालीच आणखी पाव फेरा द्या. या डायच्या आट्या इंचाला चौदा असतात, म्हणजे एक फेरा १.८१ मिलिमीटरचा आणि पाव फेरा ०.४५ चा. त्यातला बराचसा प्रेसची ढिलाई काढण्यात जातो आणि पुंगळी कोणत्याही रायफलीत बसेल इतकी लहान होते. माहितीपत्रकाचे वचन तेवढेच आहे आणि ते त्याने पाळले होते. त्या वेळी माझ्याकडे असलेल्या रायफलीचे चेंबर आखूड होते, म्हणून त्याच पाव फेऱ्याने खांदा जेमतेम ०.०५ मागे जात असे. मी समाधानाने डाय जागेवर धरणारी लॉक रिंग आवळली. या मुलीची रायफल त्यानंतर आली, आणि रिंग तशीच राहिली.

सर्वांत जास्त खटकले ते वहीत. ही पेटी सहाव्यांदा भरलेली होती आणि प्रत्येक वेळी ‘छाटणी केली’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, इतर पेट्यांना मात्र तिसऱ्या वेळेपर्यंत छाटणी लागत नव्हती. लांबीने ५१.१८ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पुंगळ्या मी इमानेइतबारे ५०.९३ वर आणत होतो. तोंडाशी छाटून केरात टाकलेले ते पितळ मुळात बुडाजवळून निघालेले होते.

दुपारनंतर डाय नव्याने लावली. बोल्टमधून फायरिंग पिन आणि पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर काढला, म्हणजे बोल्टची दांडी पडताना फक्त पुंगळीचाच विरोध जाणवतो. डाय पूर्ण एक फेरा वर घेतली आणि थोडीथोडी खाली आणत गेलो. इथे एक गंमत आहे, जी नवख्याला हमखास गोंधळात पाडते: डाय खांद्याला टेकण्याआधी धड आवळते, आणि आवळलेले पितळ जागा शोधत खांद्याला पुढे ढकलते. माझी पुंगळी ४१.५४ वरून ४१.५८ झाली आणि बोल्ट बंद होईना. असे झाले की, माणूस घाबरून एकदम अर्धा फेरा देतो. मी डायवर दर १० अंशांवर मार्करने खुणा केल्या होत्या. १० अंश म्हणजे ०.०५ मिलिमीटर. दोन खुणा, मग अर्धी, मग त्याहून थोडी कमी. ४१.५० वर दांडी स्वतःच्या वजनाने खाली पडली. दुसऱ्या पुंगळीवर ४१.५२ आले, कारण तिच्यावर वंगण कमी होते आणि प्रेस तेवढी जास्त वाकली. प्रेसचा दांडा तळाला तीन-चार सेकंद धरून ठेवला आणि वंगण सारखे लावले, तेव्हा माप स्थिरावले.

त्या पन्नास पुंगळ्या मात्र गेल्या. तापवून मऊ करण्याची युक्ती मान आणि खांद्यापुरती असते. बूड कडकच राहिले पाहिजे, आणि पातळ झालेली भिंत तापवल्याने जाड होत नाही. अठ्ठावीस काडतुसे अजून भरलेली होती, ती संध्याकाळपर्यंत एकेक करून उलगडली. उडालेल्यांपैकी वीस शाबूत होत्या. एका ताठ तारेचे टोक काटकोनात वाकवून, कानसीने धार लावून मी त्यांच्या आतून बुडाकडून वर फिरवले. तेरा पुंगळ्यांत तार अडली.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले, पाव फेऱ्यासकट. तिने विचारले, "बाकीच्या सातांत काय आहे?" मी म्हणालो की, बहुधा तेच आहे, फक्त तारेला कळण्याइतके खोल नाही. तिने तार मागितली, आधी एक कोरी पुंगळी तपासली, मग पेटीतली एक उचलली आणि नीट जाणवावे म्हणून डोळे मिटून तार हळूहळू वर ओढली. ती थांबली, तार पुन्हा खाली नेली, पुन्हा वर ओढली. मग पुंगळी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "चौदा."