तुम्ही विचारलंत म्हणून: चालायला सोबत कशाला?

"चालायचंच आहे तर एकटीने चाल की. त्यासाठी आठ-दहा जणांची वाट कशाला बघायची?" मला हे इतक्या जणांनी विचारलंय, की एकदा नीट सांगूनच टाकते.

आई गेली त्या वर्षी माझी झोप उडाली. पहाटे चारला जाग यायची आणि दवाखान्यातले शेवटचे दिवस डोक्यात फिरत राहायचे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाल्या, गोळ्या घ्या आणि रोज चाला. गोळ्या घेतल्या. चालणं काही दोन दिवसांच्या वर टिकेना. मग शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, "उद्या सव्वासहाला खाली थांबते." गजर बंद करून पडून राहता येतं हो, पण खाली कुणी उभं आहे हे माहीत असताना नाही.

काकूंचा गट वेताळ टेकडीवर जातो. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. गटाचा नियम असा, की ज्याची चाल सगळ्यात सावकाश त्याने पुढे राहायचं, म्हणजे कुणी मागे पडत नाही. अर्थात मी पुढे, काकू माझ्या मागे. पायवाट एका माणसापुरती. समोर कुणाचा चेहरा नाही, नुसता मुरूम आणि फुललेली गिरिपुष्पं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, चढावर, मी आईबद्दल बोलायला लागले. चढावर सगळ्यांचीच वाक्यं तुटतात, त्यामुळे माझा आवाज कशाने तुटतोय हे कुणाला कळलं नसावं. काकू मागून फक्त "हं" म्हणत होत्या. घरी सोफ्यावर समोरासमोर बसून मला हे कधीच बोलता आलं नसतं.

झाडांचाही वाटा आहेच. २०१५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही जणांना दीड तास झाडाझुडपांतून चालवलं, काहींना वर्दळीच्या रस्त्याकडेने. झाडांतून चालून आलेल्यांच्या मनात तेच तेच घोळणं कमी झालं होतं, रस्त्यावरून आलेल्यांचं नाही. माझं पहाटे चारचं दुखणं नेमकं तेच होतं. म्हणून टेकडीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायची चर्चा निघाली की माझा जीव खालीवर होतो.

एक मात्र सांगते, टेकडीवर जायला लागले म्हणून मी गोळ्या सोडल्या नाहीत. त्या पुढे डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या.

गेल्या महिन्यापासून आमच्यात एक काका येतात. त्यांच्या पत्नी दिवाळीत गेल्या. सध्या ते पुढे असतात आणि मी त्यांच्या मागे. परवा खाणीच्या वर मोर ओरडला तेव्हा ते थांबले, "हिला आवडायचा," म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. मी "हं" म्हटलं.