शिकागोच्या नदीकाठी कोरियन पाहुणचार

शिकागोत वॅबॅश अ‍ॅव्हेन्यूच्या पुलावर उभं राहिलं की नदीपलीकडे रिगली बिल्डिंगचा पांढराशुभ्र मनोरा दिसतो. १९२०च्या दशकातली ही इमारत च्युइंगमच्या पैशावर उभी राहिली. विल्यम रिगली १८९१ मध्ये या शहरात साबण विकायला आला. मग बेकिंग पावडर विकू लागला आणि पावडरीबरोबर च्युइंगम फुकट देऊ लागला. गिऱ्हाइकांना पावडरीपेक्षा च्युइंगमच जास्त आवडलं.

त्याच पुलाच्या अलीकडे, दक्षिण काठावर, एल-सेव्हन शिकागो हे हॉटेल आहे. त्याच्या मालकांचा धंदाही च्युइंगमपासूनच सुरू झाला! शिन क्योक-हो हा तरुण कोरियातून जपानमध्ये गेला आणि त्याने १९४८ मध्ये तोक्योत लोट्टे ही कंपनी काढली. महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक जपानमध्ये होते, त्यांच्यामुळे तिथल्या पोरांना च्युइंगमची गोडी लागली होती. तीच गोडी त्याने ओळखली. पुढे तो व्यवसाय घेऊन मायदेशी, दक्षिण कोरियातही आला. मिठाई, दुकानं, हॉटेलं असा पसारा वाढत गेला. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारा चोकोपाय त्यांचाच. २०१७ मध्ये त्यांनी अहमदाबादची हॅवमोर आइस्क्रीम कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये पुण्याजवळ आइस्क्रीमचा मोठा कारखाना सुरू केला. म्हणजे हे नाव तुम्हाला वाटतं तितकं परकं नाही.

आम्ही राहतो नेपरव्हिलला, शिकागोच्या उपनगरात. मेट्राची लोकल पकडली की युनियन स्टेशन, आणि तिथून वीस-पंचवीस मिनिटं चालत हॉटेल. एवढ्या जवळ राहून डाउनटाउनमध्ये मुक्काम कशाला, असं सासूबाईंनी फोनवर विचारलंच. कारण असं की शनिवारी संध्याकाळी परतीच्या गाडीची वेळ डोक्यात ठेवून फिरलं की शहर कधी भेटतच नाही. आम्हाला एकदा रात्री उशिरापर्यंत नदीकाठी रेंगाळायचं होतं.

इमारत १९१२ ची. मुळात ती डी. बी. फिस्क नावाच्या कंपनीने बांधली, बायकांच्या टोप्या बनवण्यासाठी. नंतर तिथे दुसरं हॉटेल होतं. लोट्टेने ते घेतलं, नव्याने सजवलं आणि २०२४ मध्ये एल-सेव्हन म्हणून उघडलं. सोलच्या म्योंगदोंग भागात २०१६ मध्ये या नावाचं पहिलं हॉटेल निघालं होतं. उत्तर अमेरिकेतलं हे पहिलंच. खोल्या १९१. त्याच कंपनीचं न्यूयॉर्कचं पॅलेस हॉटेल भव्य आणि जुन्या थाटाचं आहे, हे त्यामानाने आटोपशीर. हॉटेलवाले अशा हॉटेलांना 'लाइफस्टाइल हॉटेल' म्हणतात: लग्नाचे हॉल आणि झुंबरं नसतात, त्याऐवजी बसायला मोकळी जागा, रंगांची हौस आणि बाहेर पडलं की लगेच शहर. जवळच लूपची, म्हणजे शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारी, उंचावरची रेल्वे वळण घेते. तिचा खडखडाट मला आवडतो, दादरच्या पुलावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

मला सगळ्यात भावलं ते असं की कोरियन म्हणून तिथे काही मिरवलेलं नाही. कंदील, पंखे, पारंपरिक पोशाखातल्या बाहुल्या असलं काही मला दिसलं नाही. कोरियन हात जाणवतो तो मांडणीत आणि सगळ्यात जास्त जेवणात.

खाली पेरिला नावाचं रेस्टॉरंट आहे, कोरियन-अमेरिकन स्टेकहाउस. पेरिला हे पुदिन्याच्या कुळातलं पान. कोरियन माणूस त्याला क्केन्निप म्हणतो. वासाला किंचित बडीशेपेसारखं, तळहाताएवढं, कडा करवतीसारख्या. भाजलेल्या मांसाचा तुकडा, भात आणि साम्जांग नावाची तिखट-खारट चटणी असं सगळं त्या पानात गुंडाळायचं आणि एका घासात खायचं. अर्धा घास तोडला की सगळं हातात सुटतं, म्हणून तोंड भरून घ्यायचं. कोरियन मंडळी तसंच खातात.

आणि बानचान! मुख्य पदार्थाच्या आधी टेबलावर छोट्या वाट्या येतात. किमची, काकडी, तिळाच्या तेलातले मोड, लोणच्यासारखा मुळा. हे काही जेवणाआधीचं खाणं नव्हे, ते शेवटपर्यंत टेबलावर राहतं आणि प्रत्येक घासाबरोबर थोडं थोडं घ्यायचं असतं. आपल्या ताटाची डावी बाजू हेच काम करते. चटणी, कोशिंबीर, लोणचं, मीठ-लिंबू, कमी प्रमाणात पण त्यांच्याशिवाय जेवण पुरं होत नाही. एका गोष्टीचा मला फार आनंद झाला. स्टेकहाउस म्हणजे शिकागोचा जीव, या शहराने कत्तलखान्यांवर आणि गोमांसावर श्रीमंती मिळवली. त्या शहराच्या मधोमध कोरियन लोकांनी स्टेकहाउस हा शिकागोचाच प्रकार घेतला आणि त्याभोवती आपल्या वाट्या मांडल्या. वाट्या काढून टाकल्या नाहीत, किमचीचा आंबट वासही सौम्य केला नाही.

हे एका रात्रीत झालेलं नाही. दक्षिण कोरियाने १९९९ मध्येच सांस्कृतिक उद्योगांना चालना देण्यासाठी कायदा केला, नंतर सरकारने कोरियन जेवण जगभर पोचवण्याची मोहीम चालवली. इथल्या कोरियन कुटुंबांनी तर त्याच्याही कितीतरी आधी उत्तर शिकागोत लॉरेन्स अ‍ॅव्हेन्यूवर दुकानं थाटली होती. आज आमच्या नेपरव्हिलच्या एच मार्ट या कोरियन किराणा दुकानात मराठी बायकाही मुळा आणि दुधी घ्यायला जातात.

म्हणूनच परत येताना आम्ही दोघं आपल्याबद्दल बोलत होतो. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर भारतीय हॉटेलं रांगेने आहेत, पण बहुतेक ठिकाणी तोच बुफे, तेच बटर चिकन आणि भिंतीवर ताजमहाल. आपल्या मंडळाच्या गणपतीत पानाची डावी-उजवी बाजू सांभाळून वाढणाऱ्या काकू आहेत, भरलं वांगं आणि कटाची आमटी सहज करणारे लोक आहेत. हे सारं मंडळाच्या हॉलमध्येच राहतं. कुणी मराठी माणसाने या शहरात असं ठिकाण काढावं, जिथे थालीपीठ आणि सोलकढी कुणाला समजावून न सांगता, मेन्यूवर आपल्या नावाने येईल, असं मला मनापासून वाटतं. पैसे लागतील, जोखीमही आहे. पण शिकलेली, पैसा बाळगून असलेली आपली माणसं या भागात कमी नाहीत.

तुमची मुलं इकडे असतील आणि तुम्ही येणार असाल, तर एक रात्र तरी त्यांना डाउनटाउनमध्ये राहायला सांगा. खोली घेताना नदीकडची मागा, आणि भाड्यावर मोठा कर लागतो तो धरून हिशोब करा. उन्हाळ्यात इमारती दाखवणाऱ्या बोटी मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या पुलाजवळून सुटतात, हॉटेलपासून पायी पाच-सात मिनिटं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. किमचीत बहुधा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, म्हणून ती मागण्याआधी नक्की विचारा.