कपाटामागचा बार: आमची वाटचाल

नागपूरच्या धरमपेठेतल्या गल्लीत बाहेरून दिसतं ते जुन्या पुस्तकांचं दुकान. मागचं कपाट ढकललं की बार आणि रेस्टॉरंट. आजूबाजूला डिझायनर, फोटोग्राफर, नाटकवाले. त्यामुळे ही लपाछपी इथे खपली.

सुरुवात कपाटापासून झाली. पुस्तकांसकट एवढं वजन साध्या बिजागऱ्या पेलत नाहीत. मोकळा कोपरा खाली बसतो आणि फरशीला घासतो. म्हणून वर-खाली पिव्हट (फिरते खुंटे), म्हणजे भार थेट जमिनीवर जातो. जड पुस्तकं पिव्हटकडे, मोकळ्या टोकाकडे पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवलेल्या. भोवती ५ मिमी फट हवीच, कारण मे महिन्यात कोरडं ठाक असलेलं प्लाय जुलैत फुगतं. आपत्कालीन दार मात्र वेगळं, बाहेरच्या बाजूला उघडणारं, वर दिवा लावलेलं. तिथे गंमत नको.

ग्राहकापासून लपता येतं, उत्पादन शुल्क खात्यापासून नाही. एफएल-३ (बारच्या) परवान्याला मंजूर नकाशा जोडलेला असतो, त्याबाहेर एक टेबलही लावता येत नाही. पुस्तकांच्या खोलीत ग्लास नेऊ देत नाही ते यामुळे. वयाचा पुरावा कपाटाच्या अलीकडेच बघतो: वाइन आणि सौम्य बिअरला २१, व्हिस्की-रमला २५. आत बसल्यावर विचारलं की वाद ठरलेला.

मेनूचं नाव झालं संत्र्याच्या पेयामुळे, आणि सगळ्यात जास्त डोकं खातं तेही संत्रंच. नागपुरी संत्र्याचा रस काढताना गोड लागतो, काही तासांनी कडवट. बिया आणि फोडींच्या पापुद्र्यांतून रसात उतरलेल्या, मुळात चव नसलेल्या घटकाचं आंबट रसात हळूहळू लिमोनिन होतं, त्याचा हा कडूपणा. मिक्सर लावला की बिया फुटतात, मग विचारूच नका. म्हणून बिया काढून, हातप्रेसवर हलक्या दाबाने, त्या वेळेपुरताच रस. सुगंधासाठी सालीचा फक्त केशरी थर १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, चोळून १२ तास झाकून ठेवायचं. तेल सुटून पाक होतो. पांढरा भाग आला तर तोही कडू. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणारा माल आंबटसर, त्यात ग्लासमागे लिंबू १० मिली पुरतं. मृग बहाराच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या गोड मालाला २० लागतं. मृगाचा माल संपला की हे पेय मेनूतून जातं. डब्यातल्या रसावर ‘नागपुरी’ लिहिणं आम्हाला पटत नाही.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, बारीक बर्फ पाच मिनिटांत पेयाचं पाणी करतो. तेव्हा ५ सेमीचा एकच ठोकळा, ग्लास आधीच फ्रीजरमधला.

सावजीची, म्हणजे इथल्या झणझणीत रश्श्याची, पेयाशी जोड जमायला वेळ लागला. मद्याने जिभेची आग वाढते, सोड्याचे बुडबुडे त्यात भर घालतात. म्हणून सावजी मटणासोबत ६० नव्हे, ३० मिली मद्याचं, बिनसोड्याचं, आंबट-गोड पेय सुचवतो, आणि भाकरी आधी पाठवतो. तर्री वेगळ्या वाटीत. ज्याला झेपेल त्याने ओतून घ्यावी.