खदानीतले पाणी

आज नागपूरजवळच्या एका गिट्टी खदानीत दिवस गेला. काळा पाषाण फोडत खदान भूजलाच्या पातळीखाली गेली की भेगांतून पाझर आत येतो आणि पंप लावून तो उपसल्याशिवाय खालचे काम चालतच नाही. हे पाणी तीन हौदांत गाळ बसवत साठवले जाते. पहिल्या हौदात बुडवलेले बोट राखाडी होऊन निघाले. तिसऱ्याच्या काठावर मात्र बगळा निवांत उभा होता. धूळ बसवण्याच्या शिंपणीला हे पाणी उत्तम, तरीही टँकर कुंपणालगतच्या बोअरवेलवर भरला जात होता, कारण तिथला पाइप जाड असल्यामुळे तो लवकर भरतो, असे चालकदादांनी सांगितले. म्हणजे सगळा प्रश्न एका पाइपाचा! इकडे पाटणसावंगीला वेस्टर्न कोलफिल्ड्सने कोळसा खाणीतून उपसलेलेच पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटल्यांत भरले आहे. शिंपणीला तर एवढ्या शुद्धीकरणाचीही गरज नसते. हौदावरच जाड पाइप बसवावा, असे मी मुकादमांना सुचवले, तेव्हा त्यांनी वहीत नोंद केली. घरी आल्यावर अंगावरची धूळ काढायला नळाला येणारे पेंच धरणाचे पाणी रोजच्यापेक्षा अर्धी बादली जास्त लागले, हेही कबूल करतो.