बॉक ओळखायचा तर पिचरच्या पायांकडे बघा

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत राहायला आलेली मंडळी बेसबॉलच्या सामन्याला गेली की एका गोष्टीपाशी हमखास अडतात. बॅट फिरली नाही, चेंडू कुठे गेला नाही, तरी अंपायरने पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, बोट दाखवलं आणि पहिल्या बेसवरचा रनर चालत चालत दुसऱ्यावर गेला. हा बॉक, म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल. मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, नियमपुस्तकात त्याची 13 कलमं आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: रनरला फसवायचं नाही. म्हणूनच बेसवर कुणी नसेल, तर बॉकही नसतो.

रनर बेस सोडून काही पावलं पुढे उभा राहतो, कारण पुढचा बेस 90 फुटांवर असतो. आपल्याकडे विनू मंकड यांनी 1947 साली सिडनीत बिल ब्राउनला नॉनस्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं, त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. इथे मात्र पुढे सरकलेल्या रनरला बेसवर चेंडू फेकून बाद करणं हे पिचरचं रोजचं काम आणि त्याला टाळ्या पडतात. अट एवढीच की बॅटरकडे चेंडू टाकायची हालचाल एकदा सुरू केली, की ती पुरी करायची. अर्ध्यावर थांबून बेसकडे वळता आलं असतं, तर कोणताच रनर बेस सोडायला धजावला नसता.

आता पाय. माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, 24 इंच लांब, 6 इंच रुंद पांढरी रबरी पट्टी असते, होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर. होम म्हणजे बॅटर उभा असतो ती जागा; रनर फिरून तिथे, म्हणजे ‘घरी’, पोहोचला की रन होते. उजव्या हाताच्या पिचरचा उजवा पाय तिला टेकलेला असतो. तो पाय तिथे असेपर्यंत त्याच्यापुढे तीनच वाटा: बॅटरकडे चेंडू टाकणं, बेसवर फेकणं किंवा तो पाय उचलून पट्टीच्या मागे ठेवणं. पुढे किंवा बाजूला उतरला तर बॉक. नीट मागे उतरला की तो साधा क्षेत्ररक्षक होतो आणि मग कुठेही खोटी फेक दाखवू शकतो. त्याची किंमतही आहे: पट्टीवरून मारलेली फेक मैदानाबाहेर गेली तर रनरला एक बेस मिळतो, उतरून मारलेली गेली तर दोन.

पट्टीवरून बेसकडे फेकताना मोकळ्या पायाचं पाऊल आधी त्याच बेसच्या दिशेने पडायला हवं. पहिल्या बेसकडे नुसती हूल देता येत नाही, फेकावंच लागतं. तिसऱ्याकडे पूर्वी हूल चालायची. तिसऱ्याकडे दाखवून गर्रकन पहिल्याकडे वळायचा डाव 2013 पासून बंद झाला. दुसऱ्याकडे हूल अजूनही चालते.

खरी गंमत डावखुऱ्या पिचरची. त्याचं तोंडच पहिल्या बेसकडे असतं. तो उजवा पाय उचलतो आणि पाऊल पडेपर्यंत रनरला कळत नाही की चेंडू बॅटरकडे येणार की आपल्याकडे. होम आणि पहिला बेस यांच्या मधोमध 45 अंशांची रेघ मनात धरून अंपायर निर्णय देतात. पाऊल तिच्या होमकडच्या बाजूला पडलं आणि फेक पहिल्या बेसकडे गेली, तर बॉक. हा आकडा नियमात लिहिलेला नाही, त्यामुळे वादही इथेच जास्त होतात. उचललेला पाय पट्टीच्या मागच्या कडेपलीकडे गेला, तर मात्र पहिल्या बेसचा रस्ता बंद: बॅटरकडे टाका, नाहीतर दुसऱ्या बेसवर.

दुसरी नेहमीची चूक थांबण्याची. दोन्ही हात छातीपुढे आणून पिचरने पुरतं थांबायचं, मगच चेंडू टाकायचा. घाईत हे राहून जातं. 1988 साली मेजर लीगने या थांबण्याचे शब्द कडक केले आणि बॉकचा पाऊस पडला. एकट्या डेव्ह स्ट्यूअर्टचे त्या मोसमात 16 झाले. 27 सप्टेंबर 2022 ला मायामीच्या रिचर्ड ब्लायरवर एकाच बॅटरसमोर तीन बॉक दिले गेले. मेट्सचा जेफ मॅकनील पहिल्या बेसवरून तसाच घरी पोहोचला आणि रन झाली. त्याआधी ब्लायरच्या मेजर लीग कारकिर्दीत एकही बॉक नव्हता.

हातातून चेंडू निसटला तरी बॉक, मुद्दाम असो वा नसो. 2023 पासून आणखी एक भर पडली: एका बॅटरसमोर बेसवर फेकणं आणि पट्टीवरून उतरणं मिळून दोनदाच. तिसऱ्यांदा केलं आणि रनर बाद झाला नाही, तर बॉक. रनर पुढच्या बेसवर गेला, की मोजणी पुन्हा शून्यावर येते.

दंड म्हणून प्रत्येक रनर एक बेस पुढे जातो, तिसऱ्यावरचा थेट घरी. पण मेजर लीगमध्ये हाक पडताच खेळ थांबतो असं नाही. पिचरने तरीही चेंडू टाकला, त्यावर हिट बसली आणि बॅटरसकट सगळे निदान एक बेस पुढे गेले, तर बॉक विसरून खेळ तसाच चालू राहतो. हायस्कूलच्या नियमांत मात्र हाक पडली की चेंडू तिथेच मृत, पुढे हिट बसली तरी ती धरत नाहीत.

कधी कधी हा दंड मुद्दाम ओढवून घेतात. 14 जून 2019 ला डॉजर्सच्या केनली जॅन्सनने दोन रनांची आघाडी असताना पट्टीवर पाय हलवून जाणूनबुजून बॉक केला. दुसऱ्या बेसवरच्या जेसन हेवर्डला तिथून कॅचरने पिचरला केलेल्या खुणा दिसत होत्या आणि कोणता चेंडू येणार ते तो बॅटरला कळवू शकला असता. तो तिसऱ्यावर गेला की त्या दिसणार नव्हत्या. पुढचा बॅटर स्ट्राइकआउट झाला आणि सामना संपला.

नातवंडं लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, लहान मैदानावर खेळत असतील, जिथे बेस 60 फुटांवर आणि पिचर 46 फुटांवर असतो, तर बॉक शोधत बसू नका. तिथे चेंडू बॅटरपाशी पोहोचेपर्यंत रनरला बेस सोडताच येत नाही. पिचर 50 फुटांवर आणि बेस 70 फुटांवर असलेल्या मैदानावर मूल गेलं की रनर पुढे सरकू लागतात आणि बॉकही लागू होतो. तेव्हा घरच्या अंगणात सरावाला आधी एकच गोष्ट घ्या: पट्टीवरून पाय मागे घेणं. तो पाय मागे टेकल्यावरच हात सुटायला हवेत.