नसलेला बैल

तंजावर, शनिवार, रात्रीचे सव्वानऊ.

तळपायांना खोबरेल चोळून बसले आहे. दोन्ही पाय लालबुंद. चूक माझीच. चेन्नईहून रात्रीच्या गाडीनं पहाटे उतरले, जरा पाठ टेकते म्हणून खोलीवर आडवी झाले, ती उठले थेट दहाला. बृहदीश्वराच्या दारात चपला ठेवल्या तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. ग्रॅनाइट तापतो म्हणजे काय, ते पुढच्या चार पावलांत कळलं. शहाणी माणसं अंथरलेल्या काथ्याच्या पट्टीवरून चालत होती. मला मात्र जायचं होतं पट्टी सोडून, आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीशी. पळत गेले. चाळिशीतली बाई, पर्स छातीशी धरून, टुणटुण उड्या मारत. ओळखीचं कुणी नव्हतं ते बरं.

मंदिर पाहिलंच. राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलेलं, विमान साठ मीटरांहून उंच. न पाहून सांगता कुणाला! पण मी आले होते त्या भिंतीसाठी. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला, तोही मराठीत. सगळीकडे तमिळ अक्षरांची वेटोळी, आणि मधेच ही आपली देवनागरी. वळणं जुनी, अर्थ धड लागत नाही, मग ‘राजे’सारखा एखादा शब्द पटकन ओळख देतो. गर्दीच्या फलाटावर माहेरचं माणूस दिसावं तसं झालं. कुणाला तरी कोपरानं ढोसून “अगं, मराठी!” म्हणायचं होतं. शेजारी एक कुटुंब फोटो काढत होतं, त्यांची माझ्या भिंतीकडे पाठ. एकटं फिरण्याचे फायदे मी सगळ्यांना ऐकवत असते. हा तोटा आज पहिल्यांदा जाणवला. शेवटी फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, “जेवलीस का?”

जेवले. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, ताक. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं, ही गोष्ट मराठी माणूस तंजावरात आला की सांगतोच. मला ती फारशी पटत नाही. पण आज वाद घालायला समोर कुणी नव्हतं, तेव्हा दोनदा वाढून घेतलं आणि गप्प बसले.

दुपार राजवाड्यात. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद पाहून जरा ओशाळले. पणजोबांना मोडी यायची म्हणे, मला त्यातला काना की वेलांटी तेही कळेना. सरफोजीराजे मात्र अजब माणूस. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. राज्यकारभार बहुतेक सगळा इंग्रजांनी काढून घेतलेला, तर यांनी पुस्तकं जमवली, डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसकट नोंदी ठेवून घेतल्या. ग्रंथालयाच्या संग्रहालयात ल ब्रुन या फ्रेंच चित्रकाराची चित्रं आहेत, माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी जुळणारं जनावर. उंटाशेजारचा माणूस हुबेहूब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखा दिसतो. दरबारात खुद्द राजांचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला. डोक्यावर टोकदार पगडी, हात जोडलेले. मनोऱ्यात देवमाशाचा सांगाडाही आहे. राजवाड्यात देवमासा का, हे विचारण्याचं त्राण तोवर उरलं नव्हतं.

आणि मग कांस्यमूर्तींचं दालन. थंड फरशी, पायांना हायसं वाटलं. एवढे नटराज आहेत की तिसऱ्या-चौथ्यानंतर मन बधिर होतं, खोटं कशाला बोलू. पण एका शिवापाशी मी थांबले ती थांबलेच. वृषवाहन, १०११ सालचा, तिरुवेंकाडूला जमिनीत पुरलेला सापडला. या शिवाला कसलीच घाई नाही. एका पायावर भार, दुसरा पाय सैलसा तिरका पुढे टाकलेला. जटा गुंडाळल्या आहेत अगदी फेट्यासारख्या, पण नीट पाहिलं की त्यात साप दिसतात. ओठांच्या कडेला किंचित हसू. एक हात कोपरात वाकवून कशावर तरी टेकवलाय, आणि जिथे टेकवलाय तिथे काहीच नाही. शेजारी पार्वती, त्याच्यानंतर वर्षभरानं घडवलेली. ती उभी आहे नीट, तो मात्र चावडीवर गप्पा मारत रेललेल्या माणसासारखा, हवेवर.

माझं ते निरखणं बघून खुर्चीतले रखवालदार उठून आले. साठीचे असावेत. “अम्मा,” म्हणाले, मूर्तीच्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं, “माडु.” मग दोन्ही हातांनी शिंगं करून दाखवली. बैल! नंदीवर हात टेकून उभा आहे तो. “माडु इल्लै,” ते हात झटकत म्हणाले, बैल गेला. मग त्यांनी स्वतःच पाय तिरका टाकला, कोपर वाकवलं आणि उभे राहिले शंकरासारखे, खाकी कपड्यांत. मला खुणावलं, तू पण कर. मी केलं. वाटतं तितकं सोपं नाही. खांदा लगेच वर चढतो आणि हात लोंबायला लागतो. ते मान हलवून हसले, माझा मोबाइल मागून घेतला, मला दारापाशी उजेडात उभं केलं आणि फोटो काढला. मी “अण्णा, नन्‍री” म्हटलं. माझं तमिळ तिथेच संपतं.

तोही फोटो आईला पाठवला. आत्ता तेल लावता लावता तिचं उत्तर आलंय.

“हात असा का धरलायस? दुखतोय का?”